चौलची सहल, सातवी ब

रोमला जायचे पैसे नव्हते, म्हणून चौलला आलो.
रोह्याहून एसटीची करारावरची गाडी,
एक्केचाळीस मुलं, दोन बाया, एक शिपाई,
उलटीसाठी पिशव्या, आणि लिंबं.
पुस्तकात अर्ध्या पानाचं चित्र आहे, रोमचा चौक:
तीन खांब उभे, बाकी सगळं आभाळ.
मितेशने मधल्या खांबाला मिशा काढल्यात.

वर्गात मी सांगून ठेवलं होतं:
दोन हजार वर्षांमागे तिकडची गलबतं इथे यायची
शिडात नैर्ऋत्येचा वारा भरून,
टोकदार बुडाचे रांजण घेऊन, रांजणात द्राक्षाची दारू.
"दारू, बाई?" मागचे बाक एकदम जागे झाले.
आणि परत जाताना मिरी, तलम कापड;
तिकडे लोक कुरकुरायचे म्हणे,
आपलं सोनं सगळं समुद्रापलीकडे चाललंय.

मुलांनी मनात अख्खं बंदर बांधून आणलं होतं.
समोर निघाली नारळी-पोफळीची वाडी.
पाटाचं पाणी, पंपाची धडधड,
आणि वाडीवाले झिराडकर, लुंगी वर खोचून:
"चौक? कंचा चौक? एश्टीचा?"

बाजार नेमका कुठे भरायचा, मलाही माहीत नव्हतं.
तरी रात्री बसून प्रश्नपत्रिका केली होती मी.
प्रश्न पहिला: चौकाची लांबी व रुंदी मोजा.
नौशीन फोंडू सुतळीचं टोक धरून उभी,
वर बघत म्हणाली, "खांब आहेत की, बाई.
त्यांचे तीनच उरलेत, आपले बघा किती."
पोफळी हलत होत्या. खांब हलत नाहीत,
हे मी तिला सांगितलं नाही.

मग हर्षलला खापर सापडलं.
लाल, जरासं वळलेलं, मातीने माखलेलं.
पाटात धुताना त्याच्याभोवती कुणी बोलेना.
खोटं कशाला सांगू, माझाही श्वास अडकला.
उलटं केलं तर त्यावर उठवलेली अक्षरं,
अर्धी तुटलेली, तरी वाचता आली.
मंगलोरी कौल.
"कौल तर कौल," हर्षल म्हणाला, आणि खिशात घातलं.

आता काय करायचं, मला सुचेना.
डबे उघडायला सांगणार होते,
तेवढ्यात जान्हवी नाखवा पुढे आली.
तिची आई रोह्याच्या मार्केटात सुरमई कापते.
"बाई, बाजार असा नाय शोधत.
वारा कुठनं येतंय? दर्याकडनं.
मंग गिऱ्हाईक तिकडनं येणार, आपण या अंगाला.
ऊन मालावर नको. पाणी उताराला जायला हवं.
ए, तू इथे बस. तू तिथे. मधी वाट सोड.
रोमवाला कोण?"

मितेश. खांद्यावर टॉवेल, कपाळाला पालवीची डहाळी.
भाषा कुठून आणणार, तर काहीबाही बरळत होता,
हुस, बुस, कुस.
जान्हवीने घावनांचा डबा समोर ठेवला आणि बोटं दाखवली. पाच.
त्याने दोन.
तिने कपाळाला हात लावला,
मुंबईच्या व्यापाऱ्याला लावतात तसा.
मग पाठच फिरवली.
आणि तो रोमचा माणूस घाबरून ओरडला,
"ए थांब, थांब, चार!"
शुद्ध रोह्याच्या मराठीत.

झिराडकरांनी पंप बंद केला.
कधी केला, कळलंच नाही,
फक्त एकाएकी पोरांचा आवाज
वाडीच्या पार कुंपणापर्यंत पोचायला लागला.
सुतळी तशीच पडून राहिली पोफळीच्या बुडाशी.

संध्याकाळी गाडीत मोजली, चाळीस.
पुन्हा मोजली, चाळीस.
शिपाई शिव्या घालत उतरला, मागोमाग मी.
वाडीत काळोख पडत होता.
शहाळ्यांच्या ढिगापाशी मितेश, खांद्यावर अजून टॉवेल,
हुस, बुस, तीन बोटं वर.
झिराडकरांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती
आणि गालातल्या गालात हसत हळूहळू चालले होते,
हाक येईल इतपतच लांब.

मी शिट्टी तोंडाला लावली,
आणि वाजवायची थांबले.